शेवंताआत्याच्या मशीनची वायर

मे महिन्यात आम्ही अकोले तालुक्यातल्या डोंगरात जाऊन आलो. आल्यापासून कॉलनीत जो भेटेल तो विचारतो, "भंडारदरा कसा आहे? धबधबे पाहिले का?" मे महिन्यात धबधबे नसतात, आणि मी तिथं जे पाहिलं ती मुख्यतः लोकांच्या टीव्हीची मागची बाजू. तरीही लिहायचं ठरवलं. नाहीतर माझा नवरा मिलिंद ही हकीकत स्वतः सांगत फिरेल, आणि तो सांगतो तेव्हा मी आणखी मूर्ख दिसते.

नगर

आधी माझ्याबद्दल सांगायला हवं. जिल्ह्याचं नाव बदललं तरी आम्ही घरात अजून नगरच म्हणतो, आणि नगरच्या एमआयडीसीत मी ज्या कारखान्यात काम करते तिथं फक्त वायरी बनतात. कॉम्प्युटरच्या, कुकरच्या, दवाखान्यातल्या यंत्रांच्या. एका टोकाला भिंतीत घालायचा प्लग, दुसऱ्या टोकाला यंत्रात खुपसायचं ते काळं तीन भोकांचं तोंड. मी तपासणी खात्यात आहे. एखादी वायर नापास झाली की तिचे दोन तुकडे करायचे, म्हणजे ती चुकून कुणाच्या घरात जाऊ नये, हा आमचा नियम. कारखाना बघायला पाहुणे आले की त्यांना माहिती मी देते. माझं ठरलेलं वाक्य असं, "यंत्राकडच्या टोकाबद्दल अख्ख्या जगाचं एकमत झालं, भिंतीकडच्या टोकाबद्दल मात्र कुणाचं कुणाशी जमलं नाही." पाहुणे माना हलवतात. मला वाटतं, फार छान बोलले.

शेवंताआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आमचं मूळ घर देवळाली प्रवऱ्याचं. आत्या सरकारी नर्स झाली, भंडारदरा धरणाच्या वरच्या अंगाला एका उपकेंद्रात नेमणूक झाली, आणि निवृत्तीनंतरही ती तिथंच राहिली. लग्न केलं नाही. वाडीतली माणसं तिला सिस्टरबाई म्हणतात. यंदा तिची फुप्फुसं दमली. नाशिकच्या दवाखान्यात दाखल केलं, तर जरा बरं वाटताच ती हट्ट करून वाडीवर परतली. डॉक्टरांनी एकच अट घातली, रात्रंदिवस ऑक्सिजन हवा. सिलिंडर किती पुरणार? मग हवेतूनच ऑक्सिजन वेगळा करणारं, विजेवर चालणारं मशीन घ्यायचं ठरलं. माझ्या एका मैत्रिणीकडे तसं मशीन पडून होतं. तिचे वडील बरे होऊन आता सकाळी फिरायला जात होते.

मशीन घरी आणलं, मुलाच्या कॉम्प्युटरची वायर लावून चालवून पाहिलं. उत्तम. मशीनची स्वतःची वायर हातात घेतली तर ती एका जागी फुगलेली. मी लगेच कात्री काढली आणि तिचे दोन तुकडे केले. मिलिंद म्हणाला, "अगं, दुसरी आहे का आधी बघ."

"मिलिंद, वायरीचं तू मला सांगू नकोस," मी म्हणाले. तो हायस्कूलला इतिहास शिकवतो.

कॉम्प्युटरची वायर मुलाला परत दिली. माझ्याकडे कारखान्यातल्या नमुन्यांचं एक खोकं असतं. त्यातली एक कोरी, जाडजूड, सीलबंद वायर काढली. यंत्राकडचं तोंड पाहिलं, बरोबर होतं. भिंतीकडच्या प्लगवर प्लॅस्टिकची टोपी होती. पिना वाकू नयेत म्हणून घालतात तशी. ती काढून बघायचं कारण मला दिसलं नाही.

देवळाली प्रवरा ते राजूर

पहाटे निघालो. मशीन आडवं ठेवायचं नसतं, म्हणून मागच्या सीटवर उभं करून त्याला पट्टा बांधला आणि मी शेजारी बसले. देवळालीला उसाचा रस प्यायला थांबलो, कारण त्या गावावरून न थांबता गेलो तर माझ्या वडिलांना वाईट वाटेल असं मला अजूनही वाटतं. ते जाऊन बरीच वर्षं झाली.

रसवंतीवाल्या बाईंनी मोटारीची उघडी वायर सॉकेटच्या भोकात घालून वर काडीची पाचर मारली होती. मला राहवेना. मी त्यांना समजावून सांगायला लागले की यानं शॉक बसतो, आग लागते, प्लग बसवून घ्या. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, मग विचारलं, "आलं टाकू का रसात?" मिलिंद तोवर दुसरा ग्लास संपवत होता.

संगमनेर सोडलं आणि ऊस मागे पडला. अकोल्याच्या पुढे रस्ता वळणं घ्यायला लागला. डोंगर तांबूस, कोरडे. भाताची खाचरं पेरणीआधी भाजून काळी केलेली. आमच्या नगरकडे शेत म्हणजे कसं नजर जाईल तिथवर सपाट. इथं एकेक खाचर म्हणजे डोंगराच्या अंगावर शिवलेलं ठिगळ, आणि बांध हातानं थापल्यासारखे. मी मिलिंदला म्हणाले, "बघ, केवढी मेहनत." तो म्हणाला, "वास येतोय का तुला?"

वास क्लचप्लेट जळाल्याचा होता.

राजूरला पोचलो ते ढकलत. गॅरेजवाल्यानं गाडीखालून डोकं बाहेर काढून सांगितलं, "प्लेट गेली. संगमनेरावरून आणावी लागंल. आज काय हुत न्हाई." मग आम्ही राजूरचे पेढे घेतले. संकटात गोड खावं हे आमच्या दोघांचं एकमत असलेल्या मोजक्या गोष्टींपैकी एक. आणि वाडीवर जाणाऱ्या जीपमध्ये बसलो. ही जीप सकाळी वाडीवरून खाली येते, दुपारी वर जाते आणि रात्री वरच मुक्काम करते. म्हणजे एकदा वर गेलं की दुसऱ्या दिवसापर्यंत वरच.

जीपमध्ये मशीन माझ्या मांडीवर. समोर करवंदांची पाटी घेतलेली एक म्हातारी. तिनं मशीनकडे बघून विचारलं, "फ्रीज हाय का?"

"नाही मावशी, हवेचं मशीन आहे. सिस्टरबाईंसाठी."

म्हातारीनं ओंजळभर करवंदं माझ्या पदरात टाकली. ड्रायव्हरनं खड्डे चुकवायला सुरुवात केली. तोवर तो ते शोधून शोधून घेत होता.

वाडी

आत्या पडवीत बाजेवर उशांना टेकून बसली होती. नाकात नळी, शेजारी सिलिंडर. शेजारच्या हिराबाई तिची देखभाल करतात, त्या पाय चेपत होत्या. आत्या मूळची किरकोळ, आता तर नऊवारीत नुसती हाडं गुंडाळल्यासारखी. आवाज मात्र तोच.

"आलीस का संध्या? मशीन आणलंस?"

"आणलं."

"वायर?"

"आत्या, वायरीचं तू मला विचारतेस?"

मी ऐटीत पिशवी फोडली. काळं तोंड मशीनमध्ये खुपसलं, खट्ट करून बसलं. जगाचं एकमत. मग दुसऱ्या टोकाची टोपी काढली.

आत गोल पिना नव्हत्या. तीन चपट्या, जाड, चौकोनी पितळी पट्ट्या होत्या. ही वायर इंग्लंडला जाणाऱ्या मालातली होती. मी भिंतीवरच्या सॉकेटकडे पाहिलं. तीन गोल भोकं माझ्याकडे बघत होती.

मिलिंद काहीच बोलला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तो गप्प बसला म्हणून मला इतका राग कधी आला नव्हता.

आत्याला हसू आलं, हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला थांबेना. हिराबाई पाठ चोळत राहिल्या. आत्याचे ओठ निळसर झाले, नखंही. खोकला थांबला तेव्हा तिच्यात बोलायची ताकद नव्हती. तिनं फक्त सिलिंडरच्या काट्याकडे बोट केलं. काटा लाल पट्टीच्या जवळ आला होता.

"संध्याकाळपातुर पुरंल," हिराबाई हळूच म्हणाल्या. "दुसरा सिलिंडर उंद्याच्या जीपनं सांगितलाय. तुमी मशीन आणताय म्हून आज मागवला न्हाई."

आपल्या हुशारीवर विश्वास ठेवून कुणीतरी सिलिंडर मागवला नाही, ही गोष्ट ऐकायला फार वाईट असते.

मिलिंद टेकडीवर चढून फोन करून आला. राजूरचा इलेक्ट्रिकवाला दुकान बंद करून सिन्नरला लग्नाला गेला होता. मोठी लग्नतिथी होती. जीप आम्हाला उतरवून वरच्या वस्त्यांकडे निघून गेली होती. वाडीतल्या मोटरसायकली तर सकाळपासून पलीकडच्या वस्तीवरच्या लग्नासाठी बाजाराला उतरलेल्या, त्या यायच्या होत्या.

मग माझी फेरी सुरू झाली. वायर हातात घेऊन मी घरोघर गेले, यंत्राकडचं तोंड दाखवून विचारलं, "असं तोंड असलेली वायर आहे का तुमच्याकडे?" प्रवासात इतरांनी देवळं पाहिली असती. मी टीव्ही भिंतीपासून ओढून त्याच्या मागे डोकं घातलं. एका घरी दोन गोल भोकांची सपाट वायर निघाली, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. शाळेच्या मास्तरांच्या लॅपटॉपला तीन पाकळ्यांची. मिक्सरची वायर मिक्सरलाच कायमची जोडलेली. ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर होता, त्याला हवी तीच वायर होती, आणि ती मला खिडकीच्या गजांतून चक्क दिसत होती. पण दाराला कुलूप आणि किल्ली ग्रामसेवकाकडे, ग्रामसेवक तालुक्याला.

वाडीतली माणसं मात्र थांबेनात. मी परत पडवीत आले तोवर निम्मी वाडी आपापल्या वायरी घेऊन तिथं जमली होती. कुणी मोबाईलचे चार्जर आणले, कुणी जुन्या इस्त्रीची सुती कापडात गुंडाळलेली वायर, कुणी चक्क पाण्याच्या मोटारीचं केबल. आत्यानं त्यातल्या बहुतेकांना जन्मताना पाहिलेलं. एक आजोबा म्हणाले, "ह्यी तुमची वायर तोडा, आतली तारं काढा आन् काडीनं खुपसा. माझा टीव्ही तसाच चालतोय."

मी त्यांच्याकडे पाहिलं. सकाळी रसवंतीवर केलेलं भाषण माझ्या घशात आलं. खरं सांगते, क्षणभर मी कात्री शोधलीसुद्धा. पण ठिणगी उडाली आणि शेजारी ऑक्सिजन असला तर काय होतं ते मला माहीत होतं. "नाही आजोबा, इथं नको," मी म्हणाले. आवाज रडवेला निघाला.

आणि तेवढ्यात पलीकडच्या वस्तीवरून धडाम्धुडूम् गाणं सुरू झालं. बाया म्हणाल्या, "देवरामाच्या मनीषाची हळद हाय."

सगळ्यांना गाणं ऐकू आलं. मला ॲम्प्लिफायर ऐकू आला. ॲम्प्लिफायरला मागच्या बाजूला वायर असते, आणि तिचं तोंड मला पक्कं माहीत होतं. मी चपला घालायच्या विसरून निघाले.

हळद

बांधाबांधानं पळत गेलो. मी पुढे, मिलिंद माझ्या चपला घेऊन मागे. मांडवात बाया-पोरी नाचत होत्या, सगळ्यांची तोंडं पिवळी. एका टेम्पोत स्पीकर रचलेले आणि त्यांच्यापुढे यासीनभाई, राजूरचे साउंडवाले, पान चघळत बसलेले. मी काही न बोलता टेम्पोच्या मागे गेले, ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे हात घातला आणि वायर ओढली. नुसतं तोंड बघायचं होतं. पण तोंड बघायचं तर ते बाहेर काढावंच लागतं.

गाणं अर्ध्या शब्दावर मेलं. नाचणाऱ्यांचे हात वरच राहिले. सगळा मांडव माझ्याकडे वळला. अनवाणी, घामाघूम, केस सुटलेले, आणि दोन्ही हातांत एकेक वायर.

"ओ ताई!" यासीनभाई उभेच राहिले. "काय करता? शॉर्ट होईल ना सगळं!"

"ही वायर मला पाहिजे," मी म्हणाले. याहून जास्त चमत्कारिक वाक्य मला सुचलं नसतं. नवरीकडचा एक पाहुणा पुढे आला, जरा झुलत. "गानं लाव आधी. कोन हाय ही बाई?"

मग मिलिंद धापा टाकत आला आणि त्यानं सगळं सरळ सांगितलं. सिस्टरबाई, सिलिंडर, मशीन, चुकीची वायर. कुणी आणली हे त्यानं सांगितलं नाही. त्याबद्दल मी त्याला अजून धन्यवाद दिलेले नाहीत, इथं देते.

नवरीचा बाप देवराम पुढे आला. यासीनभाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "माझ्याकडं दुसरी नाही देवराम. ही दिली तर हळद अशीच उरकावी लागेल. तू बोल." तोंडातलं पान त्यांनी गालात सरकवलं. "माझं विचारशील तर द्यावी."

देवराम बोलायच्या आत पाटावर बसलेली मनीषा उठली. हळदीनं डोळ्यांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या झालेल्या. "आबा, इचारता काय? द्या की. आमाला गाता येत न्हाई व्हय?"

झुलणारा पाहुणा खाली बसला. एका म्हाताऱ्या बाईनं तिथंच गाणं धरलं, बाकीच्यांनी उचललं. मी वायर घेऊन वळले, तेवढ्यात मिलिंद यासीनभाईंच्या एक्स्टेन्शन बोर्डाकडे वाकून बघत म्हणाला, "संध्या, ह्या भोकांचा आकार विचित्र आहे गं. ह्यात तुझं इंग्लंड जाईल का?"

मी वाकले. तो सगळ्या देशांच्या पिना गिळणारा बोर्ड होता. गोल, चपट्या, तिरक्या, काहीही घाला. अशा ढिल्या बोर्डांविरुद्ध मी कारखान्यात तक्ते लावून भाषण देते. मी माझी वायर त्यात घातली. गेली. दुसरं टोक ॲम्प्लिफायरला लावलं. तेही बसलं.

यासीनभाईंनी बटण दाबलं आणि स्पीकर पुन्हा गरजले. "लंडनची वायर हाय म्हणा की! आवाज सुधारला!" ते ओरडले. मग मला म्हणाले, "आता पळा. माझ्या वायरीचं उद्या बघू."

आम्ही पळालो. वाटेत सवयीनं मी त्यांची वायर चाचपली. कुठलाही शिक्का नाही, प्लगला तडा, वर चिकटपट्टी. माझ्या टेबलावर आली असती तर ताबडतोब दोन तुकडे. मी ती छातीशी धरून पळत होते.

पडवीत मशीनला लावली, बटण दाबलं. मशीन एकदा शिटी वाजवून घुरघुरायला लागलं. हिराबाईंनी नळी सिलिंडरवरून काढून मशीनला जोडली. सिलिंडरात थोडी हवा शिल्लक होती, ती तशीच राखून ठेवली. आम्ही सगळे आत्याच्या नखांकडे बघत बसलो. हळूहळू ती गुलाबी झाली. तिनं डोळे उघडून पहिलं वाक्य उच्चारलं, "ह्या पोरीला काहीतरी खायला घाला. आल्यापासून नुसती बोलतेय."

नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी आणि कोरा चहा. आमच्याकडे बाजरीच्या भाकरीला जरा तरी गोडवा असतो. नागली आधी काहीच बोलत नाही, दुसऱ्या भाकरीला कळायला लागते. मी तिसरी मागितली. जेवताना डावा हात वायरीवर ठेवला होता, तापतेय का बघायला. तापली नाही.

लग्न

सकाळी आम्ही निघायच्या तयारीला लागलो, तर आत्या लुगडं बदलून बसलेली.

"मला लग्नाला जायचंय."

मी समजावलं, रागावले, डॉक्टरांचं नाव घेतलं. तिनं आयुष्यभर लोकांना डॉक्टरांचं नाव घेऊन धाक दाखवलेला, तिच्यावर काय परिणाम होणार? शेवटी चौघांनी तिला खुर्चीसकट उचललं. वाटेपुरती सिलिंडरातली राखलेली हवा, आणि मांडवात पोचल्यावर मशीन यासीनभाईंच्या जनरेटरवर. त्यांनी स्वतःहून आवाज निम्मा केला.

मशीनची वायर माणसांच्या पायांमधून जात होती. कुणी अडखळलं तर आत्याचा श्वास बंद. वायरीवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं होतं. मी जमिनीवर बसले, तिला दोन्ही हातांनी कवेत घेऊन. त्यामुळे त्या लग्नाचं मी करू शकते ते वर्णन असं: पैंजण, भेगाळलेल्या टाचा, नवे कोरे बूट, एका पोराचा पायावरून निसटलेला मोजा, आणि मंगलाष्टकं झाल्यावर वरून पडलेल्या अक्षता, ज्यांतल्या निम्म्या माझ्या डोक्यावर.

मग पिवळ्या साडीचा घोळ माझ्याजवळ येऊन थांबला. मनीषा आत्याच्या पाया पडायला आली होती. तिची आई मागे उभी होती. ती मला वाकून म्हणाली, "ताई, ही जल्माला आली तवा निळी हुती. रडतच नव्हती. माजी सासू म्हनली, गेली. सिस्टरबाईंनी हिच्या तोंडाला तोंड लावून फुंकर घातली, लई वेळ. मग रडली."

मी वर पाहिलं. आत्यानं मनीषाचा चेहरा दोन्ही हातांत धरला होता. तिला काही बोलायचं होतं, पण नळीमुळे आवाज घोगरा येत होता, म्हणून तिनं नळी नाकातून बाजूला केली.

"आत्या, नळी!" मी खालून ओरडले.

"थांब गं जरा," ती म्हणाली, आणि नळीशिवायच्या त्या एका श्वासात तिनं मनीषाच्या कपाळावर ओठ टेकले.

मी वायर घट्ट धरून बसून राहिले.